भुंगेऱ्याचा तिसरा जन्म

आपल्या या मालिकेत सहसा लढाया येतात, सेनापती येतात, तह येतात. आज एक मोटारगाडी येणार आहे, आणि तीही लहानशी. पण या गाडीच्या गोष्टीत एक हुकूमशहा आहे, एक महायुद्ध आहे, एक ब्रिटिश मेजर आहे आणि अमेरिकेची एक सबंध तरुण पिढी आहे. मला या गोष्टीतून एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवायचा आहे. लोकांची लाडकी झालेली जुनी वस्तू नव्या पिढीसाठी पुन्हा घडवायची असेल, तर तिच्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं?

गाडीचं नाव फोक्सवॅगन बीटल. बीटल म्हणजे भुंगेरा. जर्मन लोक तिला ‘केफर’ म्हणतात, अर्थ तोच. १८ एप्रिल २०११ रोजी शांघाय, बर्लिन आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत एकाच वेळी या गाडीचा तिसरा अवतार लोकांसमोर आला. पहिला अवतार १९३८चा. दुसरा १९९८चा, म्हणजे ‘न्यू बीटल’. आणि हा तिसरा.

तिसरा अवतार घडवणाऱ्यांची अडचण जरा वेगळी होती. त्यांच्यापुढे मूळ गाडी होती आणि त्या मूळ गाडीची आठवण म्हणून काढलेली दुसरी गाडीही होती. आता नवी गाडी कुणाकडे बघून काढायची? मूळ गाडीकडे, की तिच्या आठवणीकडे? हे समजून घ्यायला आपल्याला मुळापासूनच सुरुवात करावी लागेल.

तो आकार आला कुठून?

जून १९३४ मध्ये जर्मनीच्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याशी करार केला. हिटलरला सामान्य जर्मन कुटुंबासाठी गाडी हवी होती. आईवडील आणि मुलं बसतील, नव्या महामार्गावर ताशी १०० किलोमीटरने न थकता धावेल, पेट्रोल कमी पिईल आणि किंमत हजार राइशमार्कच्या आत राहील, अशी ती अट. जाहीर झालेली किंमत होती ९९० राइशमार्क.

आता या अटींवर गाडी कशी बनते ते पाहा. सामान्य माणसाकडे गॅरेज नाही, गाडी रस्त्यावर उभी राहणार. जर्मनीच्या थंडीत रेडिएटरमधलं पाणी गोठणार. लडाखमध्ये हिवाळा काढलेल्या कुठल्याही लष्करी ड्रायव्हरला विचारा, गोठलेलं पाणी इंजिनाचं काय करतं ते तो सांगेल. म्हणून पोर्शेंनी पाणीच काढून टाकलं. इंजिन हवेवर थंड होणारं घेतलं. ते मागे बसवलं, कारण मग पुढून मागे शक्ती नेणारा लांब दांडा लागत नाही, वजन वाचतं आणि चालणाऱ्या चाकांवर भार राहतो. पुढे रेडिएटर नाही, त्यामुळे नाकाला जाळी नाही आणि नाक गोल उतरतं ठेवता आलं. वाकवलेला पत्रा सपाट पत्र्यापेक्षा ताठ राहतो आणि हवाही कापतो, म्हणून छप्पर गोल.

म्हणजे भुंगेऱ्याचा तो गोंडस चेहरा कुणी गोंडस दिसावा म्हणून काढलेला नव्हता. प्रत्येक वळणामागे एक गरज होती. आजच्या व्याख्यानात हे एवढं एक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि हे सगळं एकट्या पोर्शेंच्या डोक्यातून निघालं असंही नाही. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीचे हान्स लेडविंका मागच्या बाजूला हवेवर थंड होणारं इंजिन असलेल्या गोलसर गाड्या बनवत होते. जर्मनीत योसेफ गांझ नावाचा ज्यू अभियंता आणि संपादक अशाच लहान गाडीचा वर्षानुवर्षं आग्रह धरत होता. त्याच्या १९३१च्या नमुना गाडीचं टोपणनावसुद्धा एका भुंगेऱ्याचंच होतं. नाझी राजवटीत गांझला देश सोडावा लागला आणि पुढे ऑस्ट्रेलियात तो जवळपास विस्मृतीत वारला.

शिक्के भरले, गाडी आली नाही

२६ मे १९३८ रोजी फालर्सलेबेनजवळ कारखान्याची कोनशिला बसवली गेली. गाडीचं नाव ‘केडीएफ वॅगन’, म्हणजे ‘आनंदातून शक्ती’ या नाझी संघटनेची गाडी. लोकांनी आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट घ्यायचं, पुस्तिकेत चिकटवायचं आणि पुस्तिका भरली की गाडी न्यायची, अशी योजना होती. तीन लाखांहून अधिक लोकांनी पैसे भरले. त्यांतल्या एकालाही त्या योजनेत गाडी मिळाली नाही, कारण १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं.

कारखान्यातून बाहेर पडल्या त्या लष्करी गाड्या. क्युबेलवॅगन ही बीटलच्याच हाडांवर उभी केलेली उघडी लष्करी गाडी. पाणी लागत नसल्यामुळे ती आफ्रिकेच्या वाळवंटात चालली आणि रशियाच्या बर्फातही चालली. हे बनवायला युद्धकैदी, छळछावणीतले बंदी आणि व्यापलेल्या देशांतून जबरदस्तीने आणलेले लोक राबवले गेले. युद्धकाळात अशा सुमारे २० हजार लोकांना त्या कारखान्यात राबावं लागलं. फोक्सवॅगनने पुढे स्वतःच्या इतिहासात हे नोंदवलं आहे आणि कारखान्यात त्याचं स्मारकही आहे.

एक मेजर आणि खाकी रंगाची गाडी

आता माझ्या आवडीचा भाग. युद्ध संपल्यावर हा प्रदेश ब्रिटिशांच्या ताब्यात आला. बॉम्बहल्ल्यांनी कारखाना मोडकळीस आला होता. यंत्रं उचलून भरपाई म्हणून न्यावीत, असा विचार चालू होता. ऑगस्ट १९४५ मध्ये तिथे मेजर आयव्हन हर्स्ट या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. वय २९. तो ‘रॉयल इलेक्ट्रिकल अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स’ या दलाचा. आपल्या सैन्यात याच धर्तीचं ईएमई दल आहे, त्याची स्थापना १५ ऑक्टोबर १९४३ची. रणगाडा असो की ट्रक, बंद पडलेलं चालू करणं हेच या लोकांचं काम.

हर्स्टने कारखान्यात सापडलेल्या एका गाडीला लष्करी खाकी रंग दिला आणि ती ब्रिटिश मुख्यालयाकडे पाठवली. मुख्यालयाला हलक्या गाड्यांची निकड होतीच. २० हजार गाड्यांची मागणी आली आणि कारखाना तोडण्याचा विषय मागे पडला. डिसेंबर १९४५च्या अखेरीस उत्पादन सुरू झालं. त्या वर्षात जेमतेम ५५ गाड्या बाहेर पडल्या. पुढच्या वर्षी मात्र दहा हजार.

ब्रिटिश मोटार उद्योगातल्या जाणत्या मंडळींनी हा कारखाना आणि ही गाडी तपासली होती. गाडी कुरूप, आवाज फार, विकणार नाही, असाच त्यांचा सूर. ज्यांना मोटारीतलं सगळं कळत होतं त्यांना ही गाडी नको होती आणि एका मेजरला फक्त आजची निकड दिसत होती. मी लष्करात तीन दशकं काढली आहेत, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. निकड दिसणं हीच पुष्कळदा खरी दूरदृष्टी ठरते.

आकार तोच, गाडी दरवर्षी नवी

जानेवारी १९४८ मध्ये हाइन्झ नॉर्डहॉफ कारखान्याचे प्रमुख झाले आणि १९४९ मध्ये ब्रिटिशांनी कारखाना जर्मनांच्या हवाली केला. नॉर्डहॉफ यांचं धोरण साधं होतं. बाह्यरूप बदलायचं नाही, आतलं सुधारत राहायचं. सुरुवातीला मागची काच दोन तुकड्यांची होती, १९५३ मध्ये ती एकसंध अंडाकृती झाली, पुढे आणखी मोठी चौकोनी. इंजिन ११३१ सीसी आणि २५ अश्वशक्तीचं होतं ते वाढत वाढत १६०० सीसीच्या घरात गेलं. ब्रेक, दिवे, गिअरबॉक्स सगळं बदललं. शेवटी १९३८च्या गाडीतला एखादाच भाग नंतरच्या गाडीला जसाच्या तसा बसला असता. तरी रस्त्यावरचं लहान मूलसुद्धा दोन्ही गाड्यांना एकाच नावाने ओळखत होतं.

१९४९ मध्ये अमेरिकेत या गाड्या विकल्या गेल्या फक्त दोन. दहा वर्षांनी न्यूयॉर्कच्या डॉईल डेन बर्नबाख या संस्थेने तिच्या जाहिराती केल्या. सगळ्या अमेरिकन गाड्या लांबरुंद आणि चकचकीत असताना या जाहिरातींनी पांढऱ्या कोऱ्या पानावर एक बारीकशी गाडी छापली आणि लहान असणं हाच गुण म्हणून सांगितला. संस्थेचे एक संस्थापक बिल बर्नबाख स्वतः ज्यू होते, हे मुद्दाम सांगतो. हिटलरच्या गाडीचा भूतकाळ पुसून तिला साधी, प्रामाणिक गाडी अशी ओळख देण्यात त्यांचा हात आहे. पुढे विद्यार्थी आले, हिप्पी आले, डिस्नेचा ‘हर्बी’ आला.

१७ फेब्रुवारी १९७२ रोजी १,५०,०७,०३४वी बीटल बाहेर पडली आणि तिने फोर्डच्या ‘मॉडेल टी’चा विक्रम मागे टाकला. जर्मनीत तिचं उत्पादन १९७८ मध्ये थांबलं. मेक्सिकोत मात्र ती चालू राहिली, ३० जुलै २००३ पर्यंत. तोवर एकूण गाड्या झाल्या २,१५,२९,४६४. त्याच प्यूब्ला शहरातल्या त्याच कारखान्यात तेव्हा शेजारी न्यू बीटल बनत होती. नातू आणि आजोबा एकाच अंगणात.

तीन कमानींची गाडी

न्यू बीटलची गोष्ट अशी. १९७० मध्ये अमेरिकेत साडेपाच लाखांहून अधिक गाड्या विकणारी फोक्सवॅगन १९९३ मध्ये ५० हजारांच्याही खाली आली होती. कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओत जे मेज आणि फ्रीमन थॉमस या दोघांनी एक कल्पनाचित्र काढलं. पुढच्या चाकावर एक कमान, मागच्या चाकावर एक कमान आणि दोन्हींवर छपराची मोठी कमान. जानेवारी १९९४ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात ती नमुना गाडी मांडली आणि लोक अक्षरशः हळवे झाले. चार वर्षांनी, त्याच डेट्रॉइटमध्ये, विक्रीची गाडी आली.

या गाडीच्या आत होती चौथ्या पिढीची गोल्फ. इंजिन पुढे, थंड करायला पाणी, ओढणारी चाकंही पुढची. म्हणजे मूळ गाडीच्या नेमकं उलट. पण आकार मात्र जुना हवा होता. मग व्हायचं ते झालं. छपराचा सर्वात उंच बिंदू मधोमध आला, म्हणून चालकाला मागे सरकून बसावं लागलं आणि त्याच्यापुढे डॅशबोर्डचं एक मोठं पटांगण तयार झालं. मागे बसणाऱ्याचं डोकं उतरत्या छपराला लागायचं. सामानाची जागा २०९ लिटर. डॅशबोर्डवर एक छोटी फुलदाणी होती. जुन्या काळी काही हौशी मालक अशी फुलदाणी वेगळी विकत घेऊन लावत, इथे ती कंपनीनेच बसवली.

मूळ गाडीत गरजेतून आकार आला होता. इथे आकार आधी ठरला आणि माणसांना त्यात बसवलं. तरी सुरुवातीला गाडी धडाक्यात खपली. १९९९ मध्ये एकट्या अमेरिकेत ८० हजारांहून जास्त. मग खप उतरू लागला. ज्यांना ती आठवण हवी होती त्यांनी ती घेऊन झाली होती.

२०११: छप्पर खाली, नाक पुढे

आता आपण तिसऱ्या गाडीपाशी आलो. वॉल्टर डी सिल्वा आणि क्लाऊस बिशॉफ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने ठरवलं की न्यू बीटलवरून पुढची गाडी काढायची नाही, मूळ बीटलकडे परत जायचं. २००५च्या डेट्रॉइट प्रदर्शनात कापलेल्या, बसक्या छपराची एक नमुना गाडी येऊन गेली होती, दिशा तिथेच दिसली होती.

त्यांनी केलं काय? गाडी १५२ मिलिमीटरने लांब केली, ८४ मिलिमीटरने रुंद केली आणि १२ मिलिमीटरने बुटकी केली. आकडे छोटे वाटतात, पण गाडीची बसण्याची ढबच बदलली. समोरची काच मागे घेतली आणि बॉनेट लांब केलं, त्यामुळे डॅशबोर्डचं पटांगण गेलं. तीन सारख्या कमानी मोडल्या. छपराची रेघ पुढे जरा सरळ जाते आणि मग मागे उतरते, थेट १९३८च्या गाडीच्या पाठीसारखी. मागे डोक्याला जागा मिळाली. सामानाची जागा ३१० लिटर झाली. फुलदाणी गेली. तिच्याऐवजी वर उघडणारा छोटा कप्पा आला, कारण मूळ गाडीत कप्पा तसाच उघडायचा. डॅशबोर्डला बाहेरच्या रंगाचीच पट्टी आली, कारण मूळ गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे रंगवलेला पत्राच होता. नावातला ‘न्यू’ काढून टाकला.

माझ्या मते ही दुरुस्ती प्रामाणिक होती. चमूने मूळ गाडी नीट वाचली आणि आधीच्या नकलेतले दोष एकेक करून काढले. न्यू बीटलपेक्षा ही गाडी चालवायला आणि बसायला सरस, यात शंका नाही.

आणि तरीही ती चालली नाही. आठ वर्षांत पाच लाखांच्या आसपास गाड्या झाल्या आणि १० जुलै २०१९ रोजी प्यूब्लात शेवटची बीटल बाहेर पडली. तिची जागा एसयूव्हीला दिली गेली. का झालं असं?

घोडे गेले, हॉर्स राहिलं

आपल्या सैन्यात ‘पूना हॉर्स’ नावाची रेजिमेंट आहे. १८१७ पासूनचा तिचा वारसा. आज तिच्याकडे लढायला घोडा नाही, रणगाडे आहेत. १९६५ मध्ये तिचे लेफ्टनंट कर्नल तारापोर आणि १९७१ मध्ये सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल रणगाड्यांतून लढले, दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नाव अजून ‘हॉर्स’च आहे. पण रणगाडा घोड्यासारखा दिसावा असं कुणाच्या मनात आलं नाही. घोडदळाचं काम होतं वेगाने घुसून शत्रूची फळी मोडणं. ते काम रणगाड्याने पुढे नेलं. रूप बदललं, काम राहिलं, म्हणून नाव खोटं वाटत नाही.

बीटलमध्ये उलट झालं. रूप राहिलं आणि काम सुटलं. मूळ बीटलचं काम होतं सामान्य कुटुंबाला परवडणारी, कुठेही दुरुस्त होणारी गाडी देणं. फोक्सवॅगन या शब्दाचाच अर्थ ‘लोकांची गाडी’. आपल्याकडे डिसेंबर २०१५ मध्ये तिसरी बीटल आयात होऊन आली तेव्हा तिची किंमत २८ लाखांच्या वर होती. मला हा आकडा फार बोलका वाटतो. त्याच कंपनीच्या चाकणच्या कारखान्यात त्या वेळी पोलो बनत होती. पोलोचा चेहरा साधा, पण लोकांची गाडी म्हणावी तर तीच. खरं पाहिलं तर बीटलचं काम जर्मनीतसुद्धा १९७४ पासून गोल्फ करत होती. काम गोल्फने नेलं आणि बीटलच्या वाट्याला उरला चेहरा.

इतर गाड्यांशी ताडून पाहा. अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ मध्ये मिनी काढली ती इंजिन आडवं बसवून आणि चाकं चार कोपऱ्यांवर ढकलून. बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये नवी मिनी आणली तेव्हा गाडी बरीच फुगली, पण इंजिन आडवंच राहिलं आणि चाकं कोपऱ्यांवरच राहिली, त्यामुळे ती वळणावर मिनीसारखीच वागते. फियाट ५००ने जुनं मागचं इंजिन पुढे आणलं, पण ४ जुलै २००७ रोजी, मूळ गाडीला बरोबर ५० वर्षं झाली तेव्हा, आलेली नवी गाडीसुद्धा इटलीच्या अरुंद गल्लीत मावणारीच होती. एकीने हाडं राखली, दुसरीने काम राखलं. दोघी तगल्या आणि पुढे दोघींच्या विजेवर चालणाऱ्या आवृत्त्याही आल्या.

यात आणखी एक चुटपुट लावणारी गोष्ट आहे. बीटल बंद झाली त्याच वर्षी फोक्सवॅगनने आयडी ३ ही विजेवर चालणारी गाडी दाखवली. तिची मोटर मागच्या चाकांवर आहे. नाकात मोठं इंजिन नाही. म्हणजे ज्या रचनेतून भुंगेऱ्याचा तो आकार जन्मला होता, तशी रचना तब्बल ८० वर्षांनी परत आली आणि नेमका तेव्हाच भुंगेरा निवृत्त झालेला होता.

कुठली आठवण?

शेवटी इतिहासाचा मुद्दा. दुसऱ्या आणि तिसऱ्या बीटलने जी आठवण विकली ती साठच्या दशकातली, फुलांची आणि गाण्यांची. जबरदस्तीने राबलेले २० हजार लोक त्या आठवणीत नाहीत, पुस्तिका भरून वाट पाहणारे लाखो लोक नाहीत, योसेफ गांझ नाही, मेजर हर्स्टही नाही. त्याबद्दल गाडी काढणाऱ्यांना मी दोष देत नाही. मोटार म्हणजे इतिहासाचं पुस्तक नव्हे. पण आपण इतिहासाचे विद्यार्थी आहोत. जुन्या रूपाची वस्तू समोर आली की तिने भूतकाळातलं काय उचललं आणि काय वगळलं, हे बघणं आपलं काम आहे.

म्हणून यापुढे कुठलंही जुनं नाव नव्या रूपात परत आलं, मग ती गाडी असो, स्कूटर असो, दुरुस्त केलेला वाडा असो की संस्थेने पुन्हा सुरू केलेला एखादा उत्सव असो, तीन प्रश्न विचारा. मूळ वस्तू असं रूप घेऊन का आली होती? ती गरज आज कोण भागवतंय? आणि हिच्या गोष्टीतून कुणाचं नाव गळलंय? तुम्ही इंदुरात असा, बडोद्यात, बेळगावात किंवा हैदराबादेत, तुमच्या गावात अशी एखादी वस्तू नक्की असेल. तिची गोष्ट शोधा, आणि शक्य झालं तर लिहूनही ठेवा.

जय हिंद.